सातबाऱ्यातली बोडी

आमच्या घरची एक बोडी आहे असे मी नागपुरात कोणाला सांगते, तेव्हा समोरचा माणूस आधी बोडी म्हणजे काय ते विचारतो, आणि साकोलीकडच्या माणसाला सांगते, तेव्हा तो थेट विचारतो, "किती एकर भिजते?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी आडवी मातीची पाळ घालून अडवायचे आणि खालच्या धानाच्या बांध्यांना रोवणीच्या वेळी किंवा लोंबी भरताना पाऊस ओढ देतो तेव्हा द्यायचे, एवढेच बोडीचे काम. तलाव गावाचा असतो, बोडी शेतकऱ्याची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात वर्षाला बाराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो धानाच्या सोयीने पडत नाही, म्हणून इथे दर दोन-चार शेतांआड कोणीतरी कधीतरी पाळ घातलेली दिसते.

आमची बोडी कोणी बांधली हे घरात कोणालाच सांगता येत नाही. या भागातले मोठे तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधले, जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळे, असे परंपरेने सांगतात; नवेगाव बांधचे नाव त्यात पहिल्याने येते. पुढे मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, आली आणि तलाव मालगुजारांचे झाले. त्या वेळच्या मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तेव्हा असे सहा हजारांवर तलाव सरकारकडे गेले आणि कागदोपत्री त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' असे पडले, ज्याचे लोकांनी लगोलग 'मामा तलाव' करून टाकले. शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे पाटबंधारे खात्याकडे. खाजगी शेतातल्या बोड्या मात्र ज्याच्या त्याच्याकडेच राहिल्या. मामा तलाव फुटला तर निदान तक्रार कुठे करायची हे ठाऊक असते. बोडी फुटली तर तक्रार माझ्याकडेच यायची.

हे मला चार वर्षांपूर्वी कळले. बाबा गेले आणि वाटणी झाली. रस्त्याकडेची जमीन भावाने घेतली, घर दोघांचे राहिले, आणि बोडी माझ्या नावावर आली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. तिच्यात पीक निघत नाही, ती विकली जात नाही आणि बुजवायची म्हटले तर खालचे चार शेतकरी अंगावर येतात. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. निवृत्तीनंतर हाती काय आले असे कोणी विचारले, तर एकशे चाळीस मीटर लांबीची आणि मध्यभागी साडेचार मीटर उंचीची मातीची पाळ आली, हे त्याचे खरे उत्तर आहे.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मी पाळीच्या खालच्या अंगाने चालत गेले. आजूबाजूचे सगळे गवत वाळून पिवळे झाले होते आणि पाळीच्या पायथ्याशी, तुडुमापासून, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीपासून, दहाएक पावलांवर, एक ओटीएवढा तुकडा हिरवागार होता. तिथे लव्हाळा उगवला होता आणि चप्पल किंचित रुतत होती. शहरातून आलेल्या माणसाला ती जागा बरी वाटावी अशी होती. मला बाबांचे बोलणे आठवले. ते पावसाळ्यात रोज संध्याकाळी कंदील घेऊन, नंतरच्या काळात बॅटरी घेऊन, पाळीच्या खालून एक फेरी मारत आणि परत आल्यावर आईला एकाच शब्दात वार्ता देत. "घाम" म्हणाले की आई पान वाढायला घेई. "घाम आला तं चालते," असे ते मला सांगत, "दूध आलं तं घात झाला समज."

या दोन शब्दांत मातीच्या धरणाचे निम्मे शास्त्र आहे, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. मातीची पाळ कधीच कोरडी नसते. वरच्या अंगाला पाणी उभे आहे म्हटल्यावर ते कणाकणांतून वाट काढत खालच्या अंगाला येणारच, आणि ते नितळ येत असेल तर पाळ आपले काम करीत आहे असे समजावे. पण तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर ते पाळीची माती सोबत घेऊन येत आहे असा त्याचा अर्थ होतो. माती गेली की पोकळी होते, पोकळीतून पाणी जास्त वेगाने जाते आणि वेग वाढला की आणखी माती जाते. ही नळी खालच्या तोंडाकडून वरच्या पाण्याकडे, म्हणजे उलट्या दिशेने, वाढत जाते. ती बोडीतल्या पाण्याला जाऊन भिडेपर्यंत वरून काहीच दिसत नाही, आणि भिडल्यावर माणसाच्या हातात जे उरते ते तासांत मोजण्याजोगे नसते.

मी घरातून एक बादली आणि आईच्या लग्नातले आहेराचे स्टीलचे ताट घेऊन गेले. त्या ताटाच्या तळावर देणाऱ्या मामाचे नाव कोरलेले आहे. ओल्या जागेच्या खाली वीतभर चर खणून पाणी एका जागी आणले, तिथे पन्हाळीचा तुकडा बसवला आणि ताटात पाणी धरून ते सावलीत दहा मिनिटे हलवले नाही. पाण्यात तरंगणारी माती डोळ्याला दिसतेच असे नाही, पण ती बसते तेव्हा कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत आधी बसते. त्या दिवशी मामाचे नाव स्वच्छ होते. मग पाच लिटरच्या खुणेपर्यंत बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या घड्याळावर मोजले: चौतीस सेकंद. हा आकडा चांगला की वाईट हे तेव्हा मला ठरवता येत नव्हते, पण ज्या आकड्याशी पुढचे आकडे ताडून पाहता येतील असा पहिला आकडा मिळाला होता. गणिताच्या शिक्षकाला एवढ्यानेही धीर येतो.

ती ओल नवी नव्हती, हे चौकशी केल्यावर कळले. त्याच्या दोन वर्षे आधी, बाबा अंथरुणाला खिळले असताना, भावाने गवंडी बोलावून त्या जागेवर सिमेंटचा गिलावा करून घेतला होता आणि महिनाभर सगळे समाधानात होते. मग पाणी गिलाव्याच्या बाजूने, तीन फुटांवर, निघाले. गिलाव्याचे तुकडे अजून तिथे पडलेले होते. भावाची यात चूक काढण्यात अर्थ नाही. गळणारी गच्ची आपण अशीच लिंपतो. पण पाळ गच्चीसारखी नसते. पाझराचे तोंड लिंपले की आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ते दुसरे तोंड शोधते, कदाचित अधिक नाजूक जागी. करायचे ते याच्या उलट: पाणी जाऊ द्यायचे आणि माती थांबवायची. त्यासाठी ओल्या जागेवर आधी वाळू, वाळूवर बारीक गिट्टी आणि गिट्टीवर मोठे दगड असा थर घालतात. वाळूची छिद्रे मातीचे कण अडवतील इतकी बारीक हवीत आणि पाणी निघून जाईल इतकी मोठी हवीत. कोणत्या कणाला कोणती वाळू हे मृदा-यांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल तेर्झागी यांनी विसाव्या शतकात मोजून सांगितले. आम्ही तीन ट्रॉली वाळू, एक ट्रॉली गिट्टी आणि शेतातलेच दगड वापरले. काम दोन दिवसांचे होते. वाळू कायदेशीर मार्गाने मिळवायला मात्र सहा आठवडे गेले, आणि त्यावर वेगळा लेख होईल, तो मी लिहिणार नाही.

खालून इतके पाहून झाले, तरी पाळीचा माथा मी पाहिला नव्हता. त्यावरून तर लहानपणापासून चालत आले होते. त्यात काय पाहायचे? पण मे महिन्यात शेजारच्या घरकुलाचे काम करणाऱ्या गवंड्याकडे पारदर्शक नळी दिसली, ज्यात पाणी भरून ते लोक दोन भिंतींची पातळी जुळवतात, आणि ती एका दिवसासाठी मागून घेतली. खाली राहणाऱ्या काकांनी एक टोक धरले आणि मी दुसरे. हे काका पूर्वी बाबांकडे सालाने होते आणि बोडीचे पाणी बांध्यांना तेच वाटून देत. बोडी भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडते, त्या सांडव्याच्या दगडापासून सुरुवात करून दर दहा मीटरला एक खुंटी ठोकत आम्ही दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. दोन्ही टोकांना पाळीचा माथा सांडव्याच्या दगडापेक्षा नव्वद सेंटिमीटर उंच निघाला. मध्यभागी, जिथे पाळ सर्वांत उंच आणि म्हणून सर्वांत धोक्याची, तिथे तो पंचावन्नच सेंटिमीटर उंच होता.

काकांनी खुंट्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "ताई, इथून तं गाडदान जाते." खरेच होते. मातीची पाळ जिथे उंच तिथेच जास्त दबते, कारण तिथे मातीचाच भार जास्त असतो. जाणते बांधणारे म्हणून मधला भाग मुद्दाम थोडा फुगीर ठेवतात. आमच्याकडे त्या दबलेल्या खोलगटातून आधी गुरे गेली, मग बैलगाड्या गेल्या आणि आता ट्रॅक्टर जातो, कारण पलीकडच्या शेताला दुसरी वाट नाही. पूर आला असता तर पाणी काठावरून, जिथे फार तर थोडी माती वाहून गेली असती, तिथून गेले नसते. ते बरोबर मधून गेले असते.

त्या रात्री मी बऱ्याच वर्षांनी आनंदाने आकडेमोड केली. बोडीवर उताराचे पाणी येते ते साधारण शंभर हेक्टरांवरून, म्हणजे एका चौरस किलोमीटरवरून. एका तासात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, जो आमच्याकडे श्रावणात पडतो, आणि भिजलेल्या जमिनीवरून त्यातला साठ टक्के वाहून आला, तर तासाला तीस हजार घनमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ घनमीटरच्या आसपास पाणी येणार. आमचा सांडवा सहा मीटर रुंद आहे. सांडव्यावरून जाणारे पाणी त्याच्या रुंदीच्या पटीत वाढते, पण खोलीच्या दीडव्या घाताने वाढते. दगडावर नव्वद सेंटिमीटर पाणी चढले तर तो सेकंदाला सुमारे साडेआठ घनमीटर काढू शकतो, पंचावन्न चढले तर चारच. मी हे दोन आकडे बराच वेळ पाहत बसले. ज्यांनी ही पाळ बांधली त्यांना लिहिता-वाचता येत होते की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी सोडलेले माप या उताराला जेमतेम का होईना पुरणारे होते. आमच्या दोन पिढ्यांनी पाळीवरून गाड्या हाकून ते निम्म्यावर आणले होते.

बोडी पूर्ण भरते तेव्हा तिचा पाणपसारा तीन हेक्टर आणि सरासरी खोली दीड मीटर असते, म्हणजे पंचेचाळीस हजार घनमीटर पाणी. लिटरमध्ये सांगायचे तर साडेचार कोटी. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हे इतके किरकोळ आहे की ते कुठल्याच यादीत येत नाही. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याखाली पंधरा मीटरांहून उंच धरणे येतात, आणि दहा ते पंधरा मीटरांमधली आली तर त्यांची लांबी किमान पाचशे मीटर किंवा साठा किमान दहा लाख घनमीटर अशांपैकी काहीतरी असावे लागते. मोठ्या धरणांची वर्षातून दोनदा तपासणी होते, पावसाळ्याआधी आणि नंतर. आमच्या बोडीला कोणी तपासनीस नाही आणि तो असावा असेही माझे म्हणणे नाही. राज्यातल्या प्रत्येक बोडीवर अभियंता पाठवायचा तर अभियंते पुरणार नाहीत. पण पाण्याला आपण कोणत्या यादीत आहोत हे ठाऊक नसते. पाळ मधोमध फुटून अर्ध्या तासात बोडी रिकामी झाली, तर सेकंदाला सरासरी पंचवीस घनमीटर पाणी खाली जाईल. आणि खाली आता नुसत्या बांध्या नाहीत.

खरी गोष्ट इथे आहे. माझ्या लहानपणी पाळीखाली जुना पाट, त्यापुढे धान आणि धानापलीकडे मोहाची दोन झाडे होती. फुटलीच असती बोडी, तर एका हंगामाचे पीक गेले असते. गावठाण वाढत वाढत रस्त्याने खाली आले. जुना पाट बुजला, त्यावर घरकुले मंजूर झाली, आणि आज पाळीपासून दोनशे पावलांच्या आत चौदा घरे आहेत, त्यांतले एक काकांचे. बोडी होती तेवढीच आहे, उलट गाळाने थोडी उथळच झाली आहे. धोका मात्र कितीतरी पटींनी वाढला आहे, आणि तो वाढवताना कोणीही काही गैर केलेले नाही. घर बांधणाऱ्याला जागा हवी होती, मंजुरी देणाऱ्याला गावठाणाचा नकाशा दिसत होता, आणि नकाशावर पाळ ही एक बारीक रेघ असते.

माझा मावसभाऊ नागपूरला वकिली करतो. त्याला विचारले की उद्या काही झाले तर जबाबदार कोण. तो हसला आणि म्हणाला, "ताई, तुझा खटला दीडशे वर्षांपूर्वीच लढून झाला आहे." त्याने सांगितलेली हकीकत मी नंतर स्वतः वाचली. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने बांधलेल्या साठ्याचे पाणी जुन्या खाणींच्या पोकळ्यांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले, तेव्हा 1868 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की जो आपल्या जमिनीवर असे धोक्याचे काही आणून साठवतो, त्याची चूक असो वा नसो, ते निसटले तर भरपाई त्याने द्यावी. पुढे मद्रास इलाख्यात कार्वेटनगरच्या जमीनदाराचे दोन जुने तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेचे नुकसान झाले. रेल्वे कंपनीने हाच निवाडा पुढे केला. 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानसाठीच्या लंडनमधल्या अखेरच्या अपील न्यायपीठाने, तो मानला नाही. हिंदुस्थानातले हे तलाव जमीनदाराने स्वतःच्या हौसेसाठी साठवलेले पाणी नव्हे, रयतेच्या शेतीसाठी ते राखणे हे त्याचे कर्तव्यच आहे आणि ते मोडून टाकण्याची त्याला मोकळीक नाही. म्हणून त्याची हयगय सिद्ध झाल्याशिवाय तो दोषी नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

मावसभावाला वाटले की हे ऐकून मी निर्धास्त होईन. मला ते उलट वाटले. हयगय झाली नाही तर सुटका, याचा अर्थ सारा प्रश्न हयगय कशाला म्हणायची इथे येऊन थांबतो. ओला तुकडा पाहिलाच नाही ही हयगय की पाहून गिलावा केला ही? नळी धरून मोजले नसते तर मला मधला खोलगट ठाऊक नव्हता. आता ठाऊक आहे, आणि आकड्यांसह वहीत लिहिलेला आहे. मोजल्याने माझी जोखीम वाढली, असे मावसभाऊ वकिलाच्या नजरेने म्हणाला. असेलही. पण चौदा घरांची कमी झाली.

मधला भाग आम्ही पुढच्याच महिन्यात, मृगाच्या आधी, भरून घेतला. त्यासाठी माती कोणती यावर गावात दोन दिवस चर्चा झाली, आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेली चर्चा आहे. कन्हार चिकट असते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. सिहार वाळूसारखी, तिच्यातून पाणी थांबत नाही. या दोहोंच्या मधली मोरांड हवी, यावर म्हाताऱ्यांचे एकमत होते, आणि ती बोडीच्या पोटातून काढू नये यावरही. यामागे अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका वीटभट्टीवाल्याने गाळ फुकट काढून देतो म्हणून पाळीच्या अगदी मुळाशी जेसीबी लावला होता. वर्षानुवर्षे साचलेला तो बारीक गाळ म्हणजे बोडीच्या तळाला आपसूक मिळालेले अस्तर होते. ते निघाले आणि खाली मुरूम उघडा पडला. त्यानंतरच पायथ्याची ओल वाढली, असे काकांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते. गाळ जरूर काढावा, पण पाळीपासून लांब, आणि मुरूम दिसायच्या आत थांबावे.

मोरांड सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, ट्रॅक्टरने दाबत चढवली. पाळीवरची दोन मोठी करंजे मात्र तशीच ठेवली. झाडे मुळांनी माती धरून ठेवतात ही समजूत पाळीपुरती अर्धीच खरी आहे. मोठे झाड वादळात उन्मळले तर पाळीचा लचका घेऊन पडते, आणि नुसते खोडापासून तोडले तर मुळे आतल्या आत कुजतात आणि पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. तोडायचे तर मुळांसकट खणून तो खड्डा थरांनी भरावा लागतो, आणि ते काम बोडी कोरडी असतानाच होते. यंदा ती कोरडी पडली नाही.

तिवऱ्याचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि चिपळूण तालुक्यातल्या वाडीतली माणसे वाहून गेली, तेव्हा खेकड्यांनी पोखरल्यामुळे ते फुटले असे तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी म्हटले आणि सारा महाराष्ट्र हसला. मीही हसले होते. आता हसू येत नाही. खेकडे, घुशी आणि वाळव्या पाळीत बिळे करतातच. त्यांना दुसरे घर नाही. बीळ सापडले त्या दिवशी बुजवले तर तो दहा मिनिटांचा उद्योग आहे. ते कारण म्हणून सांगावे लागते तेव्हा त्याआधीचे सारे पावसाळे त्या पाळीवरून कोणी चालत गेलेले नसते. पानशेत 12 जुलै 1961 ला फुटले, तेव्हा विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या, मोरीवरची पाळ खचत होती आणि जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. ती पोती होती म्हणून पाणी दिवस उजाडेपर्यंत थांबले. मातीच्या पोटातून मोरी किंवा नळी गेली की तिच्या बाहेरच्या अंगाने पाणी वाट शोधते. म्हणूनच आमची ओल तुडुमापासून दहा पावलांवर आहे, पन्नासवर नाही, अशी मला शंका आहे.

आमच्या पाळीत एक वारूळ आहे. खालच्या वस्तीतल्या बायका नागपंचमीला तिथे लाह्या आणि दूध ठेवतात. वाळवी आतून माती किती पोकळ करते हे मी त्यांना समजावून सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्यांतली सर्वांत वयस्कर बाई म्हणाली, "समजलं बाई. पण यंदा नको." वारूळ माथ्याजवळ आहे, पूरपातळीच्या वर, म्हणून मीही यंदा आग्रह सोडला. मनातल्या मनात पुढचे वर्ष मात्र मोजून ठेवले आहे.

बायकांशी जमले, ढिवर बांधवाशी जमायला वेळ लागला. बोडीतली मासेमारी मी त्याला ठरावीक रकमेवर देते. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तो सांडव्यावर बारीक जाळी बांधतो आणि भाद्रपदात पाणी साठून राहावे म्हणून दगडावर मातीची पोती टाकतो. दोन्ही त्याच्या पोटासाठी आहेत. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रात्री साडेअकराला काकांचा फोन आला, तेव्हा योगायोगाने मी गावातच होते. जाळीला बेशरमाच्या फांद्या आणि पालापाचोळा येऊन चिकटला होता आणि सहा मीटरांच्या सांडव्याचा भिंतीसारखा बांध झाला होता. पाणी पाळीच्या माथ्यापासून वीतभर खाली उभे होते. आमच्या नव्या भरावाची किंमत त्या विताएवढी होती. काकांनी विळ्याने जाळी कापली. आवाज असा झाला की मी मागे सरले. सकाळी ढिवर बांधव आला, कापलेल्या जाळीकडे पाहिले आणि बराच वेळ बोलला नाही. मी त्या वर्षीची रक्कम परत केली. आता जाळी आहे, पण मोठ्या फासाची आणि सांडव्याच्या पुढे, उथळ पाण्यात तिरपी. कचरा अडकला तरी पाणी बाजूने जाते. पोती अजून अधूनमधून दिसतात, आणि मी किंवा काका ती उचलून काठावर ठेवतो.

काका आता पंचाहत्तरीचे आहेत आणि त्यांना रात्री नीट दिसत नाही. बाबांची फेरी त्यांच्याकडे गेली होती. यंदा ती त्यांच्या सुनेकडे आली आहे. तिचे घर पाळीखालचे तिसरे. मी तिला महिन्याला काही रक्कम देते, तिने ती मागितली नव्हती, आणि आईचे ताट तिच्याकडे ठेवले आहे. सांडवा दोन मीटरने रुंद करायचा अंदाज घेऊन ठेवला आहे, दगडाचे काम महाग आहे आणि त्याला कदाचित दोन उन्हाळे लागतील. तोवर ती पाऊस असेल त्या दिवशी संध्याकाळी पन्हाळीखाली बादली धरते आणि व्हॉट्सअॅपवर मला आकडा आणि फोटो पाठवते. काल तिकडे सत्तर मिलिमीटर पडला. आकडा एकोणीस सेकंद होता, परवाच्या बावीसपेक्षा कमी, म्हणजे पाझर थोडा वाढला आहे. बोडी भरत आली की तो वाढतो. फोटो अंधारात काढलेला, फ्लॅशने ताट पांढरे पडलेले. मी तो मोठा करून पाहिला, मग तिला फोन करून ताट तिरपे धरून पुन्हा काढायला सांगितले. दुसऱ्या फोटोत मामाचे नाव वाचता आले, काना-मात्रेसकट.